हूवाचा कोट

ओट्यावर जरा सरकून बसा, खालच्या चुलीतला विस्तव अजून गरम आहे. बाओकू आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी, तेव्हा ही काही ऐकीव गोष्ट नाही. गेल्या वर्षीची, दहाव्या महिन्याची पहिली रात्र. मेलेल्यांना थंडी वाजू नये म्हणून आपण चौकात कागदी कपडे जाळतो ना, तीच.

बाओकूचा मियाओ सहा वर्षांचा. गावच्या तटाबाहेरच्या बुद्धमंदिरात डोळे वटारलेले द्वारपाल बघून किंचाळला, तेव्हापासून तापाने फणफणलेला. सलाईन लावून झालं. पोर डोळे उघडेना. बाओकूचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“पोराचा जीव तिथंच अडकलाय रे,” बाओकूची आई म्हणाली. “त्याचा कोट घेऊन जा, हाका मारत आण. मागं वळून बघायचं नाही. दारात ‘मियाओ आला का?’ विचार. चुन्येन ‘आला’ म्हणेल.”

“आणि वाटेत विडी ओढत बसू नका,” बायको, चुन्येन, म्हणाली.

खुंटीवरचा निळा कोट घेऊन तो निघाला. मंदिरातल्या म्हाताऱ्या भिक्खूने कंदील वर धरला.

“कोट पोराचाच ना?”

“मग काय माझा?”

बाओकू परत फिरला. “मियाओ, घरी चल रे बाळा...” मागे इवलीशी पावलं वाजली. त्याला रडूच आलं.

मग ऐकू आलं. पावलं ओली होती.

पचक... पचक...

त्याचं बोट कोटाच्या कॉलरवर गेलं. भरतकामाचा वाघ. वहिनीने हूवासाठी भरलेला. हूवा, त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी मंदिराच्या तळ्यात बुडाला. त्याचे कपडे जाळायला काढले तेव्हा बाओकूच म्हणाला होता, “नवा कोरा कोट आहे वहिनी, वाया कशाला? मियाओला होईल.”

हाक थांबवावी, तर मियाओ मागे राहील. मारावी, तर...

“मियाओ... चल.”

पचक.

चौकात निखारे धुमसत होते. त्याने कोट त्यांवर टाकला. “घे हूवा. तुझा तुला.” कोट पेटला. राख होईपर्यंत तो हलला नाही. मागे... काहीच नाही.

घर आलं. दारात चुन्येन. बाओकू विचारायला तोंड उघडणार, तोच...

“आला,” ती म्हणाली. “आला, आला.”

“मी... विचारलं कुठं?”

चुन्येनने त्याच्या मागे अंधारात पाहिलं.

“मग आत्ता... कोणी विचारलं?”

मियाओचा ताप मात्र उतरला. पहाटे त्याने राळ्याची पेज मागितली. बाओकू वाटी आणायला उठला आणि त्याची नजर खुंटीकडे गेली.

तोच निळा कोट, कॉलरवर वाघ. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.