आधी चार्ज, मग बदली

"वैजू, लक्षात ठेव. आधी चार्ज, मग बदली!" नाना फोनवर दोनदा म्हणाले होते. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. आमच्या पेटीला बॅटरीच नाही, ती भिंतीतल्या प्लगवर चालते. तिला कसला चार्ज द्यायचा?

नाना म्हणजे माझे वडील. हवामान केंद्रातून निवृत्त झाले, वाईला एकटेच राहतात. त्यांच्या फरशीखाली संवेदक (पावलांचा दाब ओळखणारी बारीक यंत्रं) बसवलेत. ती माहिती सांगलीला आमच्या साठवणपेटीत (घरच्या जाळ्याला जोडलेल्या, माहिती जपणाऱ्या छोट्या संगणकात) येते. पेटी आजची पावलं जुन्या पावलांशी ताडून बघते आणि काही बिनसलं की ओरडते.

गेल्या महिन्यात नाना मोरीपाशी घसरले. पेटी ओरडली चाळीस मिनिटांनी. तोवर त्यांचं उठून, चहा करून, पिऊनही झालं होतं. पण उठता आलं नसतं तर?

आमच्या घरात काही पुरेनासं झालं की मोठा डबा येतो. तशी मी पेटीत मोठी डिस्क (माहिती साठवायची जागा) घातली. तरी उशीर तेवढाच. माझी दहा वर्षांची शलाका चक्रावली. "जागा आहे, इंटरनेट पळतंय, मग ही रेंगाळते कुठे?"

नानांनी फोनवर तिलाच विचारलं, "शलाकाबाई, आईने लाडवांसाठी मोठा डबा आणला, तर लाडू लवकर वळून होतील?"

"छे! हात तेवढेच ना."

"मग? डिस्क म्हणजे डबा. प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) म्हणजे हात. आठ वर्षांपूर्वी पेटीला नुसतं सांभाळायचं काम होतं, दोन हात पुरायचे. आता पावलंही ताडायला लावलीत तिला."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही आठ हातांचा प्रोसेसर आणला. त्याच खोबणीत बसणारा, दुकानात नीट विचारून. पेटी बंद केली, जुना काढला, नवा बसवला. वर तुरीच्या दाण्याएवढा लेप (उष्णता पंख्याकडे पोचवणारा) लावला, पंखा कसला, बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लाल. पुढे काहीच नाही.

पेटी बंद म्हणजे नानांवर कुणाचंच लक्ष नाही. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदाही. मग नानांच्या शेजारच्या कुंदाताईंना फोन करून म्हटलं, "जरा बघता का हो?"

पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. त्या धापा टाकत होत्या. "अहो, गच्चीवर पर्जन्यमापक घासत बसलेत! त्यांचा फोन खाली राहिलाय. घ्या, बोला."

"चार्ज दिलात का?" नानांचा पहिला प्रश्न.

"नाना, बॅटरीच नाहीये तिला!"

ते इतके हसले की ठसका लागला. "अगं वेडे, माझी महाबळेश्वरला बदली झाली तेव्हा जाणाऱ्या साहेबांनी किल्ल्या, वह्या, सगळं माझ्या ताब्यात दिलं आणि मगच ते हलले. त्याला चार्ज देणं म्हणतात! पेटी सुरू होताना आधी मूळ सूचना (कोणता भाग कसा ओळखायचा याची यादी) वाचते. ती यादी आठ वर्षांपूर्वीची. त्यात नव्याचं नाव कुठून असणार? जुना कामावर असतानाच ती नवी करून घ्यायची."

"म्हणजे," शलाका म्हणाली, "जुना गेला की नव्याची ओळख करून द्यायला कुणी उरतच नाही!"

"शाबास. आईलाही सांग."

आम्ही जुना परत बसवला, त्याच्याकडून मूळ सूचना नव्या करून घेतल्या, मग नवा घातला. दिवा हिरवा. नाना खाली आले आणि परीक्षा म्हणून स्वयंपाकघरात मुद्दाम फतकल मारून बसले. तीन सेकंदांत पेटी ओरडली. शलाका आता तिला शिकवणार आहे, घसरण्याआधीच बदलत चाललेली चाल ओळखायला. जमेलसं वाटतं.

पण गच्चीवर संवेदक नाहीत. तिथे कुंदाताईच चढून गेल्या. तुमच्या आसपासही कुणी एकटं राहत असेल. आज शाळेतून आलात की त्यांची बेल वाजवा. दार उघडलं नाही, तर कुणा मोठ्या माणसाला घेऊन गच्चीवरही बघून या.