गेल्या सात दिवसांत तुम्ही काम शोधलंत का?

ते घर तिने निवडलं नव्हतं. कचेरीतल्या संगणकाने पाहणीसाठी डोळे मिटून काही घरं उचलली, त्यात गल्लीच्या टोकाचं ते घर निघालं आणि तिच्या वाट्याला आलं. शेजारचं का नाही, ह्याला काहीही कारण नाही. प्रेमात पडलेल्यांना अशी कारणं शोधायची फार हौस असते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

बारीक पाऊस भुरभुरत होता. दार एका उंच तरुणाने उघडलं, चष्मा कपाळावर चढवलेला.

"आम्हाला काही घ्यायचं नाही."

"मी विकत नाही, मोजते."

"काय मोजता?"

"कुणाला काम आहे, कुणाला नाही."

तो दारातून बाजूला झाला. "मग या आत. एक इथेच सापडेल तुम्हाला."

पुढच्या खोलीत त्याच्या थोरल्या बहिणीचं इस्त्रीचं दुकान होतं, मागच्या खोलीत संसार. ताईने कपड्यांचा ढीग सरकवून मोजणीवालीला खुर्ची मोकळी करून दिली. मोजणीवालीने टॅब उघडला. प्रश्न छापल्यासारखे, जसेच्या तसे विचारायचे आणि उत्तर आपण सुचवायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम होता.

"गेल्या सात दिवसांत तुम्ही निदान एक तास तरी काही काम केलंत का?"

"नाही."

"गेल्या सात दिवसांत तुम्ही काम शोधलंत का?"

"रोज. चपला झिजल्यात, दाखवू?"

तो कापडाच्या कारखान्यात रंग जुळवायचा. गिऱ्हाईक एक चिंधी आणून देई आणि हा नुसत्या नजरेने तोच रंग कढईत उतरवी. सगळे त्याला रंगमास्तर म्हणत. मग रंग वाचणारं यंत्र आलं, आणि मास्तरांना हार घालून घरी पाठवलं.

"तुमच्या ओढणीचा आणि कुडत्याचा निळा एका घाण्याचा नाही," तो मधेच म्हणाला.

"एकाच दुकानातून घेतलंय!"

"उजेडात धरून बघा."

तिने धरून बघितलं, आणि उगाचच लाजली. मग ते लपवायला ती भराभर बोलत सुटली — कुणी एक नोकरी सोडून दुसरी मिळेपर्यंत मधे थांबलेले असतात, कुणी हंगाम सरला की घरी बसतात, कुणाला मंदीत काढतात. आणि कुणाचं काम असतं ते कामच जगातून निघून जातं. त्याला संरचनात्मक बेरोजगारी म्हणतात.

"नाव तर भारदस्त आहे," तो म्हणाला. "लग्नाच्या बाजारात सांगता येईल."

"सांग, सांग," ताई इस्त्री आपटत म्हणाली. "मुली रांगच लावतील."

ह्या पाहणीत एकाच घरी वर्षातून चार वेळा जायचं असतं, दर तीन महिन्यांनी. तिला ते तीन महिने लांब वाटले. दुसऱ्या फेरीला ती गेली तेव्हा ताईचा हात भाजला होता आणि मास्तर इस्त्री करत उभा होता. हा बहिणीचाच धंदा, पैसे घेवो न घेवो, त्यात तासभर हात लावला तरी तो माणूस कामावर धरायचा. तिने तसं सांगितलं.

"एक तास? एका तासात मी कामावर?"

"नियम तसाच आहे."

"म्हणजे वर बसलेल्यांना वाटणार, ह्याचं भागलं!" तो हसला खरा, पण इस्त्री शर्टावर जास्तच वेळ राहिली आणि कॉलरला पिवळा डाग पडला. तो डागाकडे बघत म्हणाला, "हा रंग मात्र कुणालाच जुळवता येणार नाही." ती खळखळून हसली. जाताना त्याने गल्लीच्या वळणापर्यंत छत्री धरली. छत्री सगळी तिच्यावर आणि हा अर्धा भिजलेला... दोघांनाही ते दिसत होतं.

तिसऱ्या फेरीला घरात शिरताच तिने आधी मास्तराला नजरेने शोधलं. ताईचा हात बरा झाला होता, दुकान ताईच बघत होती. मास्तर मागच्या खोलीत खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली. चष्मा कुठेतरी पडला होता, तो शोधायचेही कष्ट त्याने घेतले नव्हते.

"एक तास तरी काम?"

"नाही."

"गेल्या सात दिवसांत तुम्ही काम शोधलंत का?"

"नाही. सोडलं."

तिचं बोट टॅबवर अडलं. काम नाही आणि शोधतही नाही, तो माणूस बेरोजगारांत धरत नाहीत. काम करणारे आणि शोधणारे मिळून श्रमशक्ती; तो तिच्याच बाहेर. बेरोजगारीच्या टक्केवारीच्या अपूर्णांकात वरही नाही, खालीही नाही.

"कुणाला फोन... नुसतं विचारलंत तरी चालतं. परवा वगैरे? ओळखीच्या कुणाला?"

त्याने मान वर केली. "तुम्हाला काय लिहायचंय ते लिहा ना. तुमच्या समाधानासाठी."

आणि तिने लिहिलं — शोधलं. आपण काय केलं हे तिला पक्कं कळत होतं, आणि तरी ह्या माणसाला बाहेर काढणारं बटण आपल्या हातून दाबलं जाणार नाही, हेही तितकंच पक्कं कळत होतं. प्रेम झालंय हे तिला कळलं ते तेव्हा, छत्रीखाली नव्हे.

कचेरीतून काही घरांना तपासणीचा फोन जातो. त्या घराला गेला. मास्तराने खरं ते सांगून टाकलं, त्याला काय माहीत तिने काय लिहिलंय! दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण साहेब शांत होते.

"दया आली?"

तिने टॅब टेबलावर ठेवला.

"बाई, शोधून शोधून थकलेली माणसं किती आहेत, हे आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार? तुम्ही त्यांना आशावान लिहून टाकलंत. वरचे म्हणतील, ठीक आहे, शोधतायत अजून. त्यांचा थकवा कुणाला दिसणारच नाही."

तिला रडू आलं, ते नोकरीसाठी नव्हतं. करार पुढे वाढवणार नाही, हे साहेबांनी नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात टॅब नव्हता आणि हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"फेरी आत्ताच?" मास्तर म्हणाला.

"फेरी नाही. मला काढलं."

"का?"

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "मी फोनवर सांगितलं म्हणून?"

"माझ्या खोटेपणामुळे. तुम्ही बरोबर तेच सांगितलंत."

"पण का लिहिलंत तसं?"

"कारण..." ती थांबली. बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा आवाज एकदम बंद झाला. ताईचे कान इकडेच होते. "कारण तुम्ही कशातच नाही, असं मला लिहवेना. तुम्ही माझ्या सगळ्या दिवसांत आहात."

त्याने खाटेवर तिला जागा करून दिली. मग हळूच म्हणाला, "मीही तुमची वाट बघतो. पण उद्यापासून उठेन, शोधेन, असं वचन मागू नका. ते खोटं होईल."

"नाही मागत."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी शोधणार. उद्याच एका दवाखान्यात जायचंय, नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे म्हणतात."

"एकट्या?" त्याने विचारलं, आणि मग जमिनीकडे बघत — "मी येऊ? नुसता बाहेर उभा राहीन."

नुसतं बाहेर उभं राहणं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तिने फक्त "या" म्हटलं.

सकाळी तो दाढी करून आला होता, घाईत हनुवटीला जरासं कापलेलं. ती आत गेली, आणि जरा वेळाने बाहेर आली. जागा कालच भरली होती. हे सांगायला ती मास्तराला शोधू लागली, तर तो फाटकापाशी नव्हता. पलीकडे रस्त्यावर पाट्या रंगवणाऱ्याचं दुकान होतं; तिथे डबे मांडलेले होते आणि मास्तर वाकून एका डब्यात बघत दुकानदाराशी बोलत होता. त्याचे हात हलत होते. दुकानदार मान हलवत होता — नकाराची.

ती तिथेच थांबली. पुढे जावं, दुकानदाराला सांगावं, अहो, ह्यांची नजर बघा एकदा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

मास्तर रस्ता ओलांडून आला. कान लाल झाले होते.

"तुमचं काय?"

"नाही म्हणाले. तुमचं?"

"मी आपलं सहज... विचारलं त्याला, माणूस हवाय का म्हणून." त्याने घसा खाकरला. "नाही म्हणाला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसूही लागली, रस्त्यावर, लोकांदेखत. मास्तर गोंधळला. "अहो, नाही म्हणाला तो. ऐकलंत ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. मोजणीच्या भाषेत आज तो पुन्हा बेरोजगार झाला होता, आणि इतकी आनंदाची बातमी तिने आयुष्यात ऐकली नव्हती. तिने त्याचा हात धरला, आणि दोघं कोपऱ्यावरच्या पुढच्या दुकानात विचारायला निघाली.