डाव्या हाताची थाप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येणार नाही.

हे घडलंय. म्हसळ्याहून दिघीला जाताना आमची वाडी लागते, तिथे. गेल्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी, दिवेलागणीला. ज्याच्यासोबत घडलं तो आमचा कमलेश. त्याच्याच तोंडून ऐकलंय. शेवटचं तेवढं माझं स्वतःचं.

कमलेश म्हणजे नाकाने कांदे सोलणारा गडी. बंदरात नोकरी आणि घरात भिंतभर टीव्ही. चारी कोपऱ्यांत स्पीकर, जमिनीवर बेसचा भलामोठा डबा. संध्याकाळी कामावरून आला की पडदे ओढून परदेशातल्या कॉन्सर्ट लावायचा. सोफ्यावर डोळे मिटून अशी मान डोलवायचा, जणू स्टेजवरच्यांना हाच पगार देतो!

गाण्याबजावण्याच्या डॉक्युमेंटऱ्या लागल्या की विचारू नका. कुठल्या तरी बेटावरचा म्हातारा तेलाचं पिंप बडवायचा आणि इकडे याच्या डोळ्यांना धार.

"बघ ऋतिका, याला म्हणतात मातीतलं संगीत!" असं बायकोला सांगायचा.

आणि सख्खा बाप अंगणात मृदंग घेऊन बसला, की हाच कमलेश दार लावून घ्यायचा. लाज वाटायची म्हणे.

त्याचे वडील विठोबाकाका आमच्या जाखडी नाचाचे मृदंगवाले. गणपतीत नाचणारे गोल फिरतात आणि मृदंग मधोमध बसतो. ती मधली जागा काकांची. तिथे दुसरं कोणी बसत नसे. डावा हात पडतो त्या चामड्याच्या पुडीवर ते ओली कणीक थापायचे, म्हणजे आवाज खोल घुमतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. काकांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, भातगिरणीच्या पट्ट्यात गेलेलं. तरी थाप पडली की छातीत घुमायची.

कमलेश नाक मुरडायचा. "बेस पाहिजे म्हणून कणीक? बाबा, तुम्ही चपात्या करताय की संगीत?"

चारचौघांत बोलायचा. काका हसण्यावारी न्यायचे. आम्हाला मात्र दोन कानाखाली द्याव्याशा वाटायच्या.

मग काका गेले. मागे राहिला त्यांच्या शेवटच्या गणपतीतल्या नाचाचा व्हिडिओ. तेवढाच. त्यांचा धड फोटोसुद्धा नाही. टीव्हीला जोडलेल्या डिस्कमध्ये तो ठेवला होता आणि दर शनिवारी दिवा लावून झाला की भागूकाकी, म्हणजे कमलेशची आई, पदर सावरून टीव्हीसमोर बसायची.

"कमलेश, ह्यांचा नाच लाव रे."

नवरा दिसायचा. मान हलवायचा. काकीचा आठवडा त्यावर निघायचा.

तर त्या शनिवारी कमलेशला कुठूनशी नवी कॉन्सर्ट मिळाली. अगदी लख्ख चित्र, जबरदस्त आवाज. पण डिस्क भरलेली. काहीतरी उडवायला हवं होतं.

या शहाण्याने काय उडवलं असेल?

"फाटका आवाज, हलतं चित्र… कोण बघतंय?" असं पुटपुटला आणि बापाला पुसून टाकलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. शूटिंगवाल्याचं दुकान कधीच बंद झालेलं.

कॉन्सर्ट सुरू झाली.

गायक गात होता. गिटार वाजत होती. लोक ओरडत होते.

आणि ड्रमवाला…

ड्रमवाल्याच्या काठ्या पडत होत्या. घामाने निथळत होता बिचारा. पण आवाज नव्हता.

कमलेशने वायरी तपासल्या. सेटिंग बदललं. जुन्या कॉन्सर्ट लावून पाहिल्या. तो पिंपवाला म्हातारासुद्धा लावला.

पिंपावर हात पडत होते. आवाज नाही.

"ऋतिका, ताल का येत नाही गं?"

ती स्वयंपाकघरातून आली. "अहो, वाजतंय की! भांडी थरथरतायत माझी."

कमलेशने बेसच्या डब्यावर हात ठेवला. डबा थरथरत होता. हाताला काहीतरी गार लागलं…

कणीक. ओली, ताजी कणीक, डब्याच्या तोंडावर गोल थापलेली.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. आईचाच प्रताप, दुसरं कोण! तावातावाने तो ओटीवर गेला. काकी वाती वळत बसली होती.

"आई, हा काय पोरकटपणा? माझ्या डब्याला कणीक फासलीस?"

"मी? मी दुपारपासनं हितंच हाय. आनि कणीक कुठली? गव्हाचं पीठ परवाच सपलं. इचार तुज्या बायकोला." वाती बाजूला ठेवून ती उठली. "बरं झालं आलास. चल, ह्यांचा नाच लाव."



"डिस्क बिघडलीय," तो म्हणाला. "म्हसळ्याला दुरुस्तीला देतो."

काकीने त्याच्याकडे पाहिलं. "मंग मगाधरनं गाणी कशावर लागलीत?"

तो आत पळाला आणि ती घाण पुसायला फडकं घेऊन वाकला. तेव्हा त्याला दिसलं…

कणकेवर बोटांचे ठसे होते. चार बोटं. त्यातलं मधलं… अर्धंच.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. घरात कुणी नसताना, ओली कणीक. तीच बोटं.

कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान ठणठणीत आहेत म्हणाले. डिस्क शहरात पाठवली. त्यातून काही निघालं नाही. आईला मात्र तो सांगत राहिला, येईल आई, दुरुस्त होऊन येईल. खरं सांगायची हिंमत नाही. एरवी कॉन्सर्टवर तासभर अक्कल पाजळणारा माणूस! स्वतःच्या आईपुढे दातखीळ बसली.

मग दिवाळीच्या अलीकडचा शनिवार आला.

कमलेश कामावरून घरी आला. टीव्ही बंद. खोलीत दिवासुद्धा नाही. काळ्या काचेसमोर काकी बसलेली, पदर सावरून, डोळे काचेवर आणि चेहऱ्यावर हसू. पायाचा अंगठा ताल धरत होता.

"आई, अंधारात काय करतेस? डिस्क यायची आहे अजून."

"कशाला आता डिस्क? ह्ये दिसत्यात की." तिने हात हलवला. "बाजूला हो. मदी उभा ऱ्हाऊ नको. ती त्येंची जागा."

कमलेश चटकन बाजूला झाला. पायाखाली काहीतरी चिकट लागलं होतं.

"आई… मी तो व्हिडिओ पुसलाय गं. मीच पुसला. मला माफ कर."

शेवटी बोलला एकदाचा. रडलासुद्धा.

काकीने मान वळवली. त्याच्याकडे बघून ती काहीतरी बोलली. ओठ हलत होते…

आवाज नव्हता.

"काय म्हणालीस? आई, परत बोल!"

ती परत बोलली. लांबलचक काहीतरी. मग काचेकडे बघून हसली. कमलेशला एक शब्द ऐकू आला नाही. बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते ऐकू येत होतं. ऋतिकाची हाक ऐकू येत होती. फक्त आई नाही.

आणि तेवढ्यात खोलीच्या मधोमध, त्या रिकाम्या जागेतून…

थाप पडली.

डाव्या हाताची. खोल. त्याच्या त्या डब्याला जन्मात जमला नाही असा घुमारा. छातीतून आरपार गेला.

तेव्हापासून आजतागायत कमलेशला आईचा आवाज ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांचा येतो. ती माफ केलं म्हणाली की शिव्या दिल्या, त्याला कळलेलं नाही. ऋतिकाकरवी विचारलं, तर काकी म्हणते, "त्याला सांगितलंय. एकदा सांगितलं ते बास."

टीव्हीवर आता चादर असते.

मागच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मला सगळं नीट ऐकू येत होतं, काकीचं बोलणंसुद्धा. कमलेश भिंतीला टेकून तिच्या ओठांकडे बघत बसला होता. मी खुर्ची ओढली, तर काकी म्हणाली, "तितं नको रं बाबा. जरा कडंला बस."

मी कडेला बसलो. चहा अर्धा टाकूनच निघालो.

चपलेत पाय घालताना तळव्याला काहीतरी गार, ओलं लागलं. मी खाली बघितलं नाही.