रिकामा डबा

अन्नकेंद्राच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, डॉ. शर्वरी गजभिये साथ पसरलेल्या वस्तीतून परत येणारे डबे पाहत उभी होती. खाली पट्ट्यावरून स्टीलचे डबे एकामागून एक सरकत होते. उरलेलं उष्टं तोलणाऱ्या उष्टमापकाखाली क्षणभर थांबत आणि मग थेट निर्जंतुक-कोठीत शिरत. त्या बंद कोठीत यंत्रच ते उघडून धूत असे, माणसाचा हात लागत नसे. हिरवा दिवा, पुन्हा हिरवा. मग एका डब्याला दिवा लाल झाला आणि पडद्यावर घराचं नाव उमटलं. कुसुम गजभिये. तिची आत्या, जिनं तिला लहानाचं मोठं केलं होतं. तिच्या गल्लीतले डबे आजपासूनच मापकाखाली येऊ लागले होते.

"दुपारच्या गाडीनं त्यांना विलगीकरण शिबिरात हलवू," केंद्रप्रमुख डॉ. पेंढारकर म्हणाले. उष्टमापक ही त्यांचीच कल्पना. त्याच्याबद्दल ते नव्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलत.

"सर, तिला ताप नाही."

"ताप शेवटी येतो. हा विषाणू आधी मेंदूतलं भुकेचं केंद्र गाठतो. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत माणूस बदलतो. भूक तर जातेच, पण अन्नाचा विचारच सुचेनासा होतो. आपण जेवलो नाही हेही त्याला कळत नाही. नेमकं याच काळात त्याच्या श्वासातून रोग सर्वांत जास्त पसरतो. इतक्या लोकांच्या तपासण्या कुठून करणार? जेवण मात्र घरोघर जातंच. डबा जड परत आला, की समजायचं, त्या घरात कुणीतरी जेवलेलं नाही."

"आणि हे वस्तीला सांगायचं नाही."

"सांगितलं तर भीतीपोटी लोक उरलेलं अन्न फेकून देतील. मग आपल्याला काही दिसणारच नाही."

यात चूक काढायला जागा नव्हती. पण शिबिरात खरे रुग्ण होते. निरोगी माणूस तिथे गेला, तर तो तसाच परत येण्याची आशा नव्हती. शर्वरीनं संरक्षक पोशाख चढवला आणि ती नागपूरच्या कडेच्या त्या वस्तीत गेली.

आत्या खिडकीतच होती. "जेवली का तू?" हा तिचा पहिला प्रश्न.

"जेवते नंतर. आत्या, सकाळच्या डब्यात काय उरलं होतं?"

"उरते कुठचं? हे दोन नातू डबा चाटूनपुसून खातात."

"मग डबा जड कसा आला?"

"लिंबं टाकली ना. अंगणातल्या झाडाची." आत्याला प्रश्नच विचित्र वाटला. "लोकाचा डबा रिकामा कोणी वापस करते का? काही नसलं घरात तं मूठभर मुरमुरे टाकते माणूस. आपल्या गल्लीत सगळ्या बाया टाकतात."

शर्वरीला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना. यंत्राबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

"दुपारच्या डब्यात तुह्यासाठी चिंच ठेवतो," आत्या म्हणाली. "आठवणीनं काढून घेजो."

केंद्रात परतून तिनं सांगितलं तेव्हा पेंढारकरही आधी हसले. "म्हणजे माझं यंत्र लिंबं मोजत होतं." शिबिराची गाडी त्यांनी लगेच थांबवली. पण शर्वरीचा चेहरा उतरला होता.

"सर, या वस्तीत एकजण जेवला नाही, तर त्याचा वाटा दुसरा खातो. तिथे अन्न उरतच नाही. डबे जड झाले ते घरच्या बाईनं आठवणीनं काही ठेवलं म्हणून."

"बरं. मग हिरवी घरं?"

"तिथल्या बाईला काही ठेवायचं सुचलं नाही."

पेंढारकर खुर्चीत बसले. "अन्नाचा विचारच सुचेनासा होतो," ते स्वतःचंच वाक्य पुन्हा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "शर्वरी, खाली स्वयंपाकाला आपण कुणाला घेतलंय?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. हिरव्या घरांतल्या बायकांना. सुरक्षित म्हणून निवडून.

शर्वरी जिना उतरून खाली गेली. स्वयंपाकघरात भाताची वाफ कोंडली होती. उकाड्यानं बायकांचे मास्क हनुवटीवर आले होते. त्या हसतखेळत, एकमेकींशी बोलत डबे भरत होत्या.

"मावशी, तुम्ही जेवलात का आज?" तिनं भात वाढणाऱ्या बाईला विचारलं.

बाईचा डाव हवेतच थांबला. "नाही बाई. राहूनच गेलं पहा."

"आणि काल?"

बाईनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण जरा विचारात पडली. "मलेही आठवत नाही," ती म्हणाली, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बाकीच्यांनीही नकारार्थी माना हलवल्या. एवढ्या अन्नात उभं राहून त्यांच्यातल्या एकीलाही भूक लागलेली नव्हती.

गॅस बंद झाले. संध्याकाळसाठी भरलेलं अन्न मातीत पुरलं गेलं. दुसरीकडून कोरडा शिधा मागवला. पण इतके दिवस घरोघर गेलेलं जेवण परत बोलावता येत नव्हतं.

संध्याकाळी, आधीच घरोघर गेलेले दुपारचे डबे परत येऊ लागले. शर्वरी पट्ट्याशीच उभी राहिली. आता लाल दिवा लागला की तिचा जीव भांड्यात पडे. कुठे तरी एक बाई अजून शेजारधर्म पाळत होती, म्हणजे अजून बरी होती. हिरवा लागला की ती डोळे मिटून घेई.

आत्याचा डबा ओळखू आला. कडीला तिनं नेहमीप्रमाणे लाल चिंधी बांधली होती. तो उष्टमापकाखाली थांबला. शर्वरीला फार भीती वाटली. तिनं नियम मोडून पट्टा बंद केला आणि हातमोज्यांनी झाकण उघडलं.

नातवांनी डबा चाटूनपुसून खाल्ला होता. आत चिंच नव्हती.

वर पडद्यावर हिरव्या अक्षरांत घराचं नाव उमटलं होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, सुरक्षित.