मग चला घरी

खोटं वाटलं तर वाटू दे. गेल्या श्रावणात हे माझ्याच बाबतीत घडलंय. कोल्हापुरात, विद्यापीठाच्या आवारात, भर दुपारी.

तिथं झाडीत भंगारातून केलेला लोखंडी बैल उभा आहे. तो माझ्या आण्णांनी केला. वेल्डिंग त्यांचे दोस्त बादशहाकाका यांचं. बैल बसवला त्याच वर्षी काका वारले. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आण्णा आता अंथरुणाला खिळलेत. एकच धोशा...

"वर्षाराणी, बैल दाव की एकदा."

म्हणून फोटो काढायला मुरगूडहून स्कूटीवर गेले. आधी सेल्फीवाली पोरं हटेनात. मग आभाळ भरून आलं. शेवटी पोरं गेली आणि मी मोबाईल धरला...

बैलाच्या पाठीवर हात टाकून एक माणूस उभा. निळा शर्ट. पाठमोरा.

मोबाईल खाली घेतला.

कुणीच नाही.

परत धरला... तो तिथंच. बैलाचं तोंड नेमकं त्याच्या आड. मी जागा बदलली की तोही सरकायचा. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, मला नुसता संताप आला होता.

मग आवाज आला... टण्. टण्. लोखंडावर हातोडी.

जवळ जाऊन हात लावला. अख्खा बैल गार. फक्त शिंगाच्या जोडापाशी चटका बसला.

माझं डोकंच फिरलं.

"ओ पावणं, आण्णास्नी फोटो दावायचाय, सरा की बाजूला. न्हाय तर चला घरी, तुमीच भेटा त्यास्नी."

आवाज थांबला.

मोबाईलमध्ये एकटा बैल. फोटो स्वच्छ आला.

येताना कागलपासून स्कूटी ओढेना. डबलसीट असल्यासारखी.

घरी फोटो पुढं केला. आण्णांनी बघितलाच नाही. माझ्या मागं दाराकडं बघून हसले...

"आलास व्हय बादशहा? बस की."

तेव्हापासून संध्याकाळी दोन कप चहा लागतो. आण्णांना कप उचलवत नाही, त्यांना मी चमच्यानं पाजते. तोवर दुसरा कप रिकामा झालेला असतो.

काल आण्णांनी वेल्डिंगचे जुने हातमोजे मागितले. म्हणाले, "बादशहा न्यायला आलाय. नवं काम हाय."

सकाळी मी, दुसरा कप जिच्यापुढं ठेवते त्या मोकळ्या खुर्चीपुढं उभी राहिले. जा म्हणायचं होतं. पण आपणच बोलावलेल्या पाव्हण्याला जा कसं म्हणायचं?

हातमोजे ट्रंकेत लपवून ठेवलेत. मघाशी उघडून हात घातला...

आतून गरम होते.