उपस्थितांची नावं

गावातून दर शनिवारी सकाळी एक चार पानी साप्ताहिक निघायचं, आणि त्याचं तिसरं पान बातमीवाल्या बाईंचं होतं. पहिलं पान कुणी वाचो न वाचो, तिसरं पान घरोघरी वाचलं जायचं, कारण त्यात जगाच्या नाही, आपल्या गल्लीच्या बातम्या असायच्या. शाळेचं संमेलन, मैदानाला घातलेलं नवं कुंपण, कुणाचा सत्कार, कुणाचं निधन. बाई हे पान अठरा वर्षं लिहीत होत्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गावाला ठाऊक नव्हती. तिसरं पान शुक्रवारी दुपारी बारा वाजता छपाईसाठी बंद व्हायचं आणि गावातले बहुतेक कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी व्हायचे. कार्यक्रम होईपर्यंत थांबावं, तर बातमी आठ दिवसांनी शिळी होऊन छापली जाणार. म्हणून बाई ती दुपारीच लिहून टाकायच्या. अमुक कार्यक्रम उत्साहात पार पडला, तमुक पाहुण्यांनी मार्गदर्शन केलं, आणि शेवटी उपस्थितांची नावं. निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं होतं ते, पण कधी अंगाशी आलं नाही. गावातले कार्यक्रमच असे होते, की पाहुणे उशिरा येणार, चिटणीस प्रास्ताविक लांबवणार आणि मागच्या रांगेत कुणीतरी घोरणार, हे न जाताही सांगता आलं असतं. उलट लोक कौतुकाने म्हणायचे, बाईंचं लक्ष कसं सगळीकडे असतं.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाची बातमी तर सर्वांत सोपी. बाईंनी गेल्या वर्षीचं कात्रण काढलं, एकेचाळिसाव्याचा बेचाळिसावा केला, पाहुण्यांचं नाव बदललं. नावांची यादी दरवर्षी तीच असायची, ती होती तशी उतरवली. पान छपाईला गेलं. बाई घरी जाऊन निवांत पडल्या.

सोमवारी सकाळी वाचनालयाच्या चिटणिसांचा फोन आला.

"बाई, कार्यक्रमाला घड्याळजी आले होते असं तुम्ही लिहिलंय."

"मग? ते दरवर्षी येतात की."

"येतात, पण ते गेल्या हिवाळ्यात वारले. निधनाची बातमी तुम्हीच लिहिली होती."

बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. बाजाराच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. त्याच्यावर त्यांनी चांगल्या बारा ओळी लिहिल्या होत्या. दुपारी घड्याळजींच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तो ओरडला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "माझ्या आईने ते वाचलं असेल, एवढा तरी विचार करायचा," तो म्हणाला. "येत्या शनिवारी दुरुस्ती छापा."

संपादक म्हणजेच मालक आणि तेच छपाई बघणारे. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "दोन ओळी टाका, दिलगीर आहोत म्हणून. आणि पुढच्या वेळी जिवंत माणसांनाच बोलवा."

मंगळवारी घड्याळजींची बायको स्वतः आली.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. पुढे दोन टेबलं, मागे छपाईचं यंत्र, आणि सगळीकडे शाईचा वास. म्हातारी दारात क्षणभर थांबली, मग खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली. बाई उठून उभ्याच राहिल्या.

"काकू, माझी मोठी चूक झाली. कुठल्या तोंडाने..."

"बसा हो. मी भांडायला नाही आले." तिने मागे यंत्राकडे पाहिलं, संपादक तिथे नव्हते. "मुलाने काहीतरी छापायला सांगितलंय ना? ते छापू नका."

"का?"

"शुक्रवारी ते घरी आले."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. म्हातारी ती जाईपर्यंत थांबली.

"साडेसात वाजले असतील. कार्यक्रमाहून यायचे तसेच. दाराशी बूट घासले, काठी कोपऱ्यात ठेवली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मेल्यावरही गेली नाही." ती थोडं हसली. "मला काही कळेना. सकाळी तुमचा पेपर आला, त्यात नाव वाचलं, तेव्हा उलगडा झाला."

बाईंनी मनात वेळा जुळवल्या. शुक्रवारी पाच वाजता यंत्र सुरू झालं होतं. साडेसातला अंक यंत्रापाशी गठ्ठे बांधून पडले होते. बाहेरच्या एकानेही ती यादी वाचलेली नव्हती.

"बोलतात का?" बाईंनी विचारलं, आणि आपण हे विचारतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

"नाही. खात नाहीत, झोपत नाहीत. नुसते असतात. बोलणं तरी आधी कुठे होतं फारसं? पण घरात कुणी आहे, हे कळतं ना. आठ महिन्यांनी मला ते कळतंय." तिने टेबलावरचा बाईंचा हात धरला. तिची बोटं गार होती. "मुलाला सांगू नका. तो भला आहे, पण भली माणसं लगेच डॉक्टरकडे नेतात."

बाईंनी तिला घरापर्यंत सोडलं नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. पण मन स्वस्थ बसू देईना, म्हणून बुधवारी भर दुपारी, लख्ख उन्हात, त्या गेल्याच. एवढ्या उजेडात भुतांना घाबरायचं म्हणजे अगदीच झालं, असं स्वतःला बजावत गेल्या.

घराचे पडदे ओढलेले होते. म्हातारीने दार जेमतेम एक माणूस मावेल एवढं उघडलं आणि बाई आत येताच घाईने लावून घेतलं. "उघडं राहिलं तर बाहेर जातील, अशी भीती वाटते," ती कुजबुजली. आत हवा कोंडली होती. घड्याळात घालायच्या तेलाचा बारीक, गोडसर वास येत होता. टेबलावर दोन ताटं वाढलेली होती, दोन्ही न शिवलेली, वरणावर साय धरली होती. एकाच दिवसात म्हातारीचे गाल आत गेल्यासारखे दिसत होते. कालचा आणि आजचा गाउन एकच होता.

"तुम्ही जेवत का नाही, काकू?"

"जेवताना खाली बघावं लागतं."

ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बघत होती. बाईंनीही पाहिलं. खुर्ची रिकामी होती. फक्त तिचा वेत मधोमध खाली दबलेला होता, आणि बाई बघत असताना तो जरासा करकरला, कुणी मांडी बदलावी तसा. बाईंची पाचावर धारण बसली. पळून जावंसं वाटलं. मग जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. त्यांना त्या म्हातारीचा हेवा वाटला.

बाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. संध्याकाळी बाई कुलूप काढून घरात शिरल्या की आधी दिवा लावायच्या आणि मग रेडिओ, आवाज असावा म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी काहीच लावलं नाही. अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. येत्या शुक्रवारी शिक्षकांचा मेळावा होता. नवरा शिक्षकच होता. यादी लांबलचक असते, त्यात एक नाव जास्त झालं तर कोण बघतंय? कुणी बघितलंच तर चूक म्हणता येईल. एकदा चूक झालेल्या माणसाची दुसरी चूकही लोक मानतात. पण मुद्दा वेगळाच होता. तो येईल, खुर्चीत बसेल, आणि मग? चहा गार का केलास म्हणून कुरकुरणार नाही. त्यांच्या चुकीच्या ओळींवर पेन्सिलीने रेघ मारणार नाही. नुसता असेल. आणि बाई समोर बसून राहतील, न जेवता, दार लावून, एकटक बघत. जे छापलं जातं तेवढंच येतं, आणि छापलं काय होतं, तर एवढंच, की उपस्थित होते.

गुरुवारी म्हातारीच्या शेजारणीने फोन केला. काकू दार उघडत नाहीत, हाक मारली तर आतून हळू बोला म्हणतात, आवाज अगदी खोल गेलाय.

शुक्रवारी बाईंनी शिक्षकांच्या मेळाव्याच्या यादीपाशी बराच वेळ पेन धरून ठेवलं. नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, ते खोडलं, कागदच फाडला आणि यादी नव्याने लिहिली. मग दुरुस्तीच्या दोन ओळी लिहिल्या. गेल्या अंकात घड्याळजींचे नाव अनवधानाने छापले गेले, ते कार्यक्रमास उपस्थित नव्हते, आम्ही दिलगीर आहोत. इतकं कठीण वाक्य त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. म्हातारी आयुष्यभर शिव्या देईल हे त्यांना माहीत होतं, पण शिव्या द्यायला ती जगायला तर हवी. पाच वाजता यंत्र सुरू झालं तेव्हा त्या कचेरीच्या पायरीवर बसून रडल्या. संपादकांनी पाहिलं आणि ते परत आत गेले.

शनिवारी सकाळी अंक हातात घेऊन बाई घड्याळजींच्या घरी गेल्या. शिव्या खायच्याच, तर ताज्या खाव्यात.

दार उघडंच होतं, पडदे बाजूला केलेले. म्हातारी दाराच्या आत भिंतीला टेकून उभी होती. केस विंचरलेले, गाउन बदललेला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"गेले ते," म्हातारी म्हणाली. "काल पाचच्या सुमाराला. उठले, काठी घेतली, दारातून माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हटलं, सावकाश जा." तिचे डोळे भरून आले, पण आवाज स्थिर होता. "तुमच्यावर राग नाही माझा. रात्री मी चार घास खाल्ले. तुम्ही केलंत ते बरोबरच होतं."

"मग बसा ना, काकू. अशा उभ्या का? पाय थरथरताहेत तुमचे."

म्हातारीने आत, खोलीकडे, एकदा पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "बसू कुठे? जागाच नाही..."

"म्हणजे?"

"ते गेले. त्यांच्याबरोबर आलेले गेले नाहीत. ते असताना माझं दुसरीकडे लक्षच नव्हतं हो... काल त्यांच्या पाठीमागे दार लावलं आणि वळून बघितलं, तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पलंगही. मी रात्रभर उभी आहे."

"कोण... कोण आहेत?"

म्हातारीने दारामागच्या खिळ्याला अडकवलेला गेल्या शनिवारचा अंक काढला, तिसरं पान उलगडलं आणि यादीच्या शेवटावर बोट ठेवलं. घड्याळजींच्या नावाच्या पुढे, अठरा वर्षं प्रत्येक बातमीच्या शेवटी बाईंचा हात आपोआप लिहीत आलेले शब्द होते. "आणि इतर अनेक जण उपस्थित होते."

ते कोण, हा प्रश्न बाईंना इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. वाक्य गोल व्हावं म्हणून ते शब्द असायचे. आता ज्यांना नावच नाही, ते आले नव्हते असं छापायचं तरी कसं?

"नावं कळली तर जातील ना?" म्हातारीने विचारलं. "हे गेले तसे?"

आतून माणसांनी भरलेल्या सभागृहात असते तशी उबट हवा येत होती. कुणी बोलत नव्हतं. एकदा कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटलं, आणि मग पुन्हा शांत. बाईंनी शेजारणीला हाक मारली, म्हातारीला तिच्या हाती सोपवलं आणि पिशवीतून वही काढली. पाय मागे ओढत होते. पण ही माणसं त्यांनीच बोलावली होती, आणि म्हातारीला बसायला जागा हवी होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या उपस्थितांची नावं विचारायला स्वतः निघाल्या.

उंबरठ्याच्या आत पहिलीच खुर्ची होती. खिडकीतलं ऊन सरळ तिच्यावर पडलं होतं, आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"नाव सांगता...?" त्यांनी विचारलं.

खुर्ची करकरली. मग शेजारची. मग खोलीभर, एकेक करून, सगळ्या. आणि अगदी जवळून, उत्सुक, आदबशीर आवाजात कुणीतरी म्हणालं,

"आधी तुमचं लिहा..."