दीपमाळेवरचे आकडे

कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत माझा नेम असतो. पहाटे स्नान करून कुसगावच्या महादेवापुढच्या दीपमाळेच्या कोनाड्यात दिवा ठेवायचा, आणि तोवर एक शब्द बोलायचा नाही.

त्या दिवशी धुक्यात दीपमाळेपाशी कुणीतरी उभं होतं. खांद्याला झोळी, हातात खडू. दगडांवर आकडे लिहीत होता!

"तुम्ही इथल्याच का?"

मी गप्प.

"मी शौनक. ही दीपमाळ किती जुनी असेल?"

मी गप्पच. दिवा पदराआड धरलेला.

"बरं... हे दगड तरी बोलतील," तो हसला. गालाला खळी पडली, आणि माझा संशय आणखीच वाढला. लोणावळ्यातल्या निम्म्या जमिनी अशा गोड हसणाऱ्यांनीच घेतल्यात.

फुलं विकणाऱ्या झुंबरबाई माझ्या कानाशी लागल्या. "बिल्डरचा मानूस हाय, पद्मजा. रस्त्याच्या टायमाला असंच आकडं टाकलंतं घरांवर. मग पाडली की!"

ही दीपमाळ पाडणार? माझ्या आईनं, आजीनं इथेच दिवे लावले होते. तो गेल्यावर मी घागरभर पाणी आणलं आणि नारळाच्या शेंडीनं एकूण एक आकडा घासून काढला. मग शाळेत जाऊन मुलांना पाढे शिकवले.

दुसऱ्या दिवशी आकडे परत! मी परत पुसले. असे आठ दिवस...

नवव्या दिवशी तो माझी वाटच बघत होता. "इथे भुताटकी आहे वाटतं. सकाळी लिहितो, दुपारी गायब."

मी सावकाश दिवा ठेवला, नमस्कार केला. "महादेवाच्या दारात भुतं असायचीच."

"अरे वा, आवाज आहे तर!" त्यानं खिशातून नारळाची शेंडी काढली. "पण हे भूत फारच टापटीप दिसतंय."

कान तापले माझे. तरी विचारलंच, "पाडणार आहात ना?"

"उतरवणार आहे."

"शब्द बदलून काय होतं?"

तो दीपमाळेला शिडी लावून वर चढला. दिवे ठेवायच्या दगडी हातांपैकी सगळ्यात वरच्या हातावरून त्यानं ओळंबा सोडला. दोरी सरळ... आणि दीपमाळ तिच्यापासून फटकून. चांगली वीतभर.

"कललीय. एखाद्या पावसात कोसळेल. जुनी बांधकामं सावरणं हेच माझं काम. एकेक दगड उतरवून पाया भरायचा, मग ज्याचा तो दगड त्याच्याच जागी. आकडे पुसले तर कुठला कुठे, कोण सांगणार?"

म्हणजे मीच...? तरी मन मानेना. "आणि उतरवल्यावर रचलीच नाहीत तर?"

त्यानं नकाशांची वही माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच ठेवा. हिच्याशिवाय मला दगडाला हात लावता येणार नाही. आणि आकडेही तुम्हीच लिहा."

मग रोज दिवा ठेवून झाला की मी आकडे लिहायचे, तो दगड मोजायचा. माझा सात त्याला फार देखणा वाटायचा. हे त्यानं तीनदा सांगितलं... आणि तीनदा मला ते खरं वाटलं नाही.

"गोड बोलतोय त्यो," झुंबरबाई बजावायच्या. "वही लपवून ठिव."

ठेवली होती. देवघरात.

त्रिपुरीची पहाट उजाडली. उद्यापासून दगड उतरणार होते. दिवा अजून माझ्या हातातच होता.

"आत्ताच विचारतो," शौनक म्हणाला. "आत्ता तुम्हाला 'नाही' म्हणता येणार नाही."

मी रागानं बघितलं. लबाड!

"दीपमाळ पुन्हा उभी राहिली की पहिला दिवा... आपण जोडीनं लावायचा?"

मी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. आज खळी नव्हती. पांढरी झालेली बोटं खडू उगाच फिरवत होती.

मी तो खडू घेतला. कोनाड्याखालचा एकच दगड कोरा राहिला होता. त्यावर लिहिलं — हो.

झुंबरबाई फुलांची पाटी घेऊन आल्या, डोळे बारीक करून वाकल्या. "ह्यो कुटला गं आकडा?"

मी कोनाड्यात दिवा ठेवला, हात जोडले.

"तो पुसायचा नाही, मावशी."